तुम्ही विचारलंत म्हणून: नॅकने विद्यापीठ सुधारतं का?

‘नॅकची एवढी धावपळ करून सुधारतं काय?’ नॅक म्हणजे महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. पालक विचारतात, पत्रकार विचारतात, आणि पिअर टीमची, म्हणजे तपासणीला आलेल्या नॅकच्या समितीची, गाडी फाटकाबाहेर पडली की स्टाफरूममध्येही हाच विषय निघतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: काही नाही, फायली वाढतात. मला ते मान्य नाही. ‘खूप सुधारतं’ हेही मान्य नाही.

फायलींचा आरोप बराचसा खरा आहे. नॅकच्या २०१७ च्या मूल्यांकन-चौकटीत गुणांचा मोठा हिस्सा आकडेवारी आणि कागदपत्रांवर गेला. डीव्हीव्हीच्या, म्हणजे दिलेल्या माहितीच्या पडताळणीच्या, टप्प्यावर पुरावा अपुरा ठरला तर प्रत्यक्ष झालेलं कामही मोजलं जात नाही. म्हणून वर्षभर जिओटॅग केलेले फोटो आणि हजेरीपत्रकं. पण याच धाकाने कित्येक महाविद्यालयांत ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर आल्या आणि पदवीनंतर मुलं कुठे गेली याची यादी निघाली. हे मी कमी लेखणार नाही. फक्त वर्गातलं शिकणं याने हलत नाही. ते हलवू शकणारी माहिती प्रश्नवार गुणांत असते, आणि ती आपण दर सत्राला तयार करून बासनात बांधतो.

२०१७ च्या उन्हाळी परीक्षा आठवा. मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. लाखो उत्तरपत्रिका, आणि तयारीला वेळ जवळजवळ नाही. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना लॉगिन होईना, उत्तरपत्रिका सापडेनात. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, पुढच्या प्रवेशांसाठी थांबलेल्या मुलांचे हाल झाले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या वादात सर्व्हर, कंत्राट आणि दोषी कोण, यावरच भर राहिला. जी गोष्ट या पद्धतीतून सहज मिळू शकते ती बाजूला पडली. कागदावर तपासताना परीक्षक मुखपृष्ठावरच्या चौकटीत प्रश्नवार गुण लिहितो, पण पुढे जाते ती बेरीज. पडद्यावर तपासताना प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळे साठवता येतात. लाखो उत्तरपत्रिकांतून कुठला घटक कुणालाच कळला नाही, हे एका क्लिकवर दिसू शकलं असतं. आपण ते तंत्रज्ञान फक्त निकाल लवकर लावण्यासाठी घेतलं, आणि निकालही लवकर लागला नाही.

‘पण आम्ही सीओ अटेनमेंट काढतो ना,’ असं विभागप्रमुख म्हणतात. म्हणजे विषयातून जे शिकणं अपेक्षित आहे (कोर्स आउटकम), ते किती मुलांनी गाठलं याचा हिशेब. काढता, पण कसं? एक प्रश्नपत्रिका घ्या. वर्गात ६० विद्यार्थी, १५ गुणांचे पाच प्रश्न, कोणतेही चार सोडवा. तिसऱ्या घटकावरचा प्रश्न फक्त १२ जणांनी सोडवला आणि त्यातल्या १० जणांना ९ किंवा जास्त गुण मिळाले. १२ पैकी १० म्हणजे ८३ टक्के. ७० टक्क्यांच्या वर म्हणून थेट ‘स्तर ३’, म्हणजे सर्वांत वरचा. उरलेल्या ४८ जणांनी तो घटक ऑप्शनला टाकला, हे तक्त्यात कुठेच नाही. ६० पैकी १० धरले तर १७ टक्के होतात आणि स्तर शून्यावर येतो. तेही पूर्ण खरं नाही, कारण न सोडवणाऱ्याला येत नव्हतंच असं नाही. म्हणून अटेनमेंटच्या शेजारी ‘किती जणांनी सोडवला’ हा रकाना हवाच, आणि अंतर्गत परीक्षेत त्या घटकावर एक छोटा सक्तीचा प्रश्न हवा. त्यानंतर निकालापासून पंधरा दिवसांत बैठक. त्या घटकाचे तास बुडाले का? आधीच्या वर्षाचं गणित कच्चं राहिलं का? की प्रश्नाची भाषाच कळली नाही? तिन्हींवरचा इलाज वेगळा असतो. एका वर्षी एकच बदल करावा आणि पुढच्या वर्षी तशाच प्रश्नाने तो तपासावा. तीन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते सांगता येत नाही.

संलग्न महाविद्यालयाची अडचण मी नाकारत नाही. नॅकच्या २०१७ च्या चौकटीत अशा महाविद्यालयांसाठी १००० पैकी ३५० गुण अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाला होते, पण अभ्यासक्रम विद्यापीठाचा, बऱ्याच ठिकाणी अंतिम प्रश्नपत्रिकाही विद्यापीठाची. आणि विद्यापीठात? २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अभ्यास मंडळ वेगळं, परीक्षा व मूल्यमापन मंडळ वेगळं. गुण एकाकडे, अभ्यासक्रम दुसऱ्याकडे. अभ्यासक्रम बदलताना आधीच्या मुलांचे प्रश्नवार गुण कुणी टेबलावर ठेवत नाही.

पूर्वी मी म्हणायचो, नॅकची श्रेणी काढून टाका, सगळं आपोआप ताळ्यावर येईल. आता तसं म्हणवत नाही. श्रेणीचा धाक नसता तर अटेनमेंटचा तक्ता कुणी मागितलाच नसता. आणि धाक आहे म्हणूनच तो तक्ता हवा तसा भरला जातो. यातून वाट कशी काढायची, ते मला अजून उमगलेलं नाही.

एक मागणी मात्र आत्ताच करता येते. प्रश्नवार गुण मागितले की ‘गोपनीय आहेत’ असं ऐकावं लागतं. निकाल लागल्यानंतर, आसनक्रमांक काढून टाकलेल्या आकड्यांत गोपनीय काय उरतं? सगळे देऊ नका. एका विषयाचे, एका सत्राचे, त्या विषयाच्या अभ्यास मंडळाला द्या.