आवाज शाफ्टचा, दुखणं इंजिनाखाली

आज आख्खा दिवस यॉटच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळातल्या पोकळीत, पालथा पडून काढला. गिअर टाकला की घरघर, मधूनच टक-टक. न्यूट्रलमध्ये रेस दिली तर एकदम शांत. म्हणजे इंजिन सुटलं, संशय गिअरबॉक्सपासून मागे.

आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू वाजवला. इंजिन 1200 फेऱ्यांवर, गिअरबॉक्स 2:1, म्हणजे शाफ्ट, प्रोपेलर फिरवणारा दांडा, मिनिटाला 600, सेकंदाला 10. टकटकही सेकंदाला बरोबर 10! आवाज प्रोपेलरच्या तीन पात्यांचा असता तर 30 च्या आसपास मोजली असती. तिथेच पात्यांवरचा संशय मिटला.

माझा पहिला अंदाज मागच्या रबरी बेअरिंगवर होता. त्याला वंगण समुद्राच्या पाण्याचंच, ते नीट पोहोचलं नाही की कमी वेगात किंचाळतं. पण हे किंचाळणं नव्हतं.

मग गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडले आणि त्याच्या दोन चकत्यांमध्ये फीलर गेज, फट मोजायची पट्टी, घातला. खाली 0.05 मिमी, वर 0.25, म्हणजे चकत्या तिरक्या! हातातली ती पातळ पट्टी वरच्या बाजूला सैल हलताना पाहिली आणि अंगावर काटा आला. पुढचा एक इंजिन माउंट, इंजिनाखालचा रबरी आधार, पार बसलाय, रबराला भेगा, त्यावर डिझेलचा काळा चिकटा. इंजिनाने नाक खाली घातलंय आणि शाफ्ट इतके दिवस वाकडा ओढला जातोय. जीव तुटतो हो असं बघून.

माउंट बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, बोट पाण्यात असतानाच करणार. बाहेर काढली की हलचा, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाचा, आकार थोडा बदलतो, तिथलं माप फसवं. तोवर यॉट जागची हलणार नाही.