गोळी चालू होती ना?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. गेल्या दीड वर्षात मामेबहिणीपासून ऑफिसातल्या नव्या मुलापर्यंत सगळ्यांनी मला हेच विचारलंय: "गोळी चालू होती ना तुझी? मग परत कसं काय झालं?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, नाही म्हणत नाही. पण त्या काळजीला एक संशय चिकटलेला असतो, की हिने मध्येच डोस बुडवले असणार.

नाही बुडवले. ११ वर्षं, रोज सकाळी, नैराश्यावरची गोळी, एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम. स्ट्रिपच्या मागे पेनाने वार लिहून ठेवायची मी. ती चालू असतानाच नैराश्य परत आलं.

आणि ते लक्षात आलं वॉशिंग मशीनमुळे. धुणं झालं की मशीन वाजतं. मला ऐकू यायचं, पण मी उठायची नाही. संध्याकाळपर्यंत ओल्या कपड्यांना कुबट वास सुटायचा, मग दुसऱ्या दिवशी तेच कपडे परत लावायची. एका आठवड्यात एकच चादर चार वेळा धुतली. दुःख असतं तर मी लगेच ओळखलं असतं, त्याची माझी जुनी ओळख आहे. हे नुसतं 'दोरीपर्यंत जायचं कशाला' एवढंच होतं. मी त्याला आधी कंटाळा म्हटलं, मग वय म्हटलं, मग सरळ आळस. गोळीचा पाच महिने मला संशयच आला नाही.

खरं सांगायचं तर आला होता. मी तो दाबला. कसा दाबला ते सांगते, कारण ते मी आजवर कुणालाच धड सांगितलेलं नाही.

दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलं की बाहेर बसून एक कागद भरायचा असतो. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? झोपेचं काय? थकवा, भूक, लक्ष लागणं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून २७. जितके जास्त तितकं वाईट. पाचपासून सौम्य नैराश्य सुरू होतं. म्हणून मी चार लिहायची. थकव्याला एक, झोपेला एक, भुकेला एक, एकाग्रतेला एक. चारवाल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. पाच मिनिटांत चिठ्ठी हातात.

त्या दिवशीही सवयीने चारच केले. पण नववा प्रश्न येतो तो मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हा. येताना रस्ता ओलांडताना मनात येऊन गेलं होतं की आत्ता काही झालं तर फार काही बिघडणार नाही. ठरवलं वगैरे काही नव्हतं. नुसता विचार आला आणि गेला. मी एक लिहिला. मग खोडला आणि शून्य केलं. ते शून्य इतकं गिरवलं की कागद फाटायला आला.

डॉक्टरांनी ती खोडाखोड पाहिली. काही बोलल्या नाहीत. फाइलमधून जुने कागद काढून टेबलावर ओळीने मांडले, पत्ते मांडतात तसे. "मागच्या खेपेला चार. त्याआधी चार. त्याच्याही आधी चार. इतकी सरळ रेघ मी आजवर कुणाची पाहिलेली नाही." मग एक कोरा कागद पुढे सरकवला, "मी हात धुऊन येते, तोवर परत भरा," म्हणाल्या आणि उठून गेल्या. बराच वेळ हात धूत होत्या.

१७ आले.

का खोटं लिहीत होतीस, हे त्यांनी विचारलं नाही. मी मात्र स्वतःला विचारत असते, आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं. ती गोळी म्हणजे माझ्या पाठीमागची भिंत होती, ती पडली असं लिहून दिलं तर टेकायला काय उरणार, हे एक. दुसरं जरा लाजिरवाणं आहे. कितीतरी जणांना मी स्वतः ठासून सांगितलं होतं, "अगं, डायबेटिसवाला इन्सुलिन घेतो ना, तसंच हे. मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन कमी असतं, गोळी ते भरून काढते." त्या मीच आता कोणत्या तोंडाने सांगू की बंद पडली?

ती इन्सुलिनची उपमा मी आता वापरत नाही. साखर मोजता येते. आपल्या मेंदूत सिरोटोनिन कमी आहे असं दाखवणारी तपासणी कोणी कधी माझ्यावर केली नव्हती, आणि २०२२ मध्ये जुन्या संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही कमी सिरोटोनिनमुळे नैराश्य येतं याला ठोस पुरावा मिळाला नाही. लगेच काहींनी मला त्याच्या बातम्या पाठवल्या: बघ, सगळं थोतांड! अहो, गोळीने गुण का येतो याचं स्पष्टीकरण चुकलं म्हणजे गुण येतच नाही असं होत नाही. माझी सात-आठ वर्षं तिनेच तर उभी ठेवली. की ती मीच ठेवली? हा वाद माझा माझ्याशी अजून चालू आहे.

डोस न बुडवताही असं होतं का? होतं. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यातले सगळे दीर्घकाळ गोळी घेणारे आणि बरं वाटणारे. काहींची गोळी हळूहळू बंद केली, काहींची चालू ठेवली. बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना ५२ आठवड्यांत आजार परत आला. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणजे गोळी राखण करते, हे खरं. आणि राखण असतानाही चोरी होते, हेही तितकंच खरं. डॉक्टरांकडे याला 'टॅकिफिलॅक्सिस' असा भारदस्त शब्द आहे, पण त्याने कारण काही कळत नाही. कारण शोधायला त्यांनी थायरॉइड तपासलं, दुसरी कुठली औषधं सुरू केलीत का विचारलं, दारूचं विचारलं, घोरता का विचारलं, तीन तास झोपूनही एकदम ताजंतवानं वाटलं आणि उधळपट्टी केली असे दिवस कधी होते का हेही विचारलं. माझ्या बाबतीत कशातच काही सापडलं नाही. डोस २० केला. पाच आठवडे गेले, फरक शून्य.

मग मी चिडून गोळी बंद केली. एकदम, कुणाला न विचारता. हे लिहू नये असं वाटत होतं, कारण डोस बुडवल्याचा संशय असलेल्यांना आयतंच सापडेल. पण हे नंतरचं आहे, क्रम नीट वाचा. तिसऱ्या दिवशी डोळे बाजूला वळवले की डोक्यात विजेचा बारीक झटका बसू लागला. पाचव्या दिवशी मोज्याची जोडी सापडेना म्हणून मी जमिनीवर बसून रडले. आठव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, आणि मनात चक्क आनंद होता, की बघा, म्हणजे गोळी काम करत होती! त्या म्हणाल्या, असं नसतं. दोन-चार दिवसांत झटके आणि चक्कर सुरू झाली तर ते बहुतेक गोळी अचानक तोडल्यामुळे. आजार परतायला सहसा आठवडे लागतात. गोळी परत सुरू केली, दोन-तीन दिवसांत झटके थांबले. मग ती पायरीपायरीने कमी करत दुसरी चढवली. शिवाय दर आठवड्याला समुपदेशन, जे मी ११ वर्षं 'मला गरज नाही' म्हणून टाळलं होतं.

आता कसं आहे? मशीन वाजलं की बहुतेक वेळा उठते. मागच्या खेपेला नऊ गुण आले, खरे नऊ. ते नव्या गोळीमुळे, समुपदेशनामुळे की नुसते दिवस गेल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही, आणि कोणी ठामपणे सांगायला लागलं की मी विषय बदलते.

डॉक्टर विचारतात, ही गोळी किती वर्षं घ्यायची असं तुम्हाला वाटतं? मी म्हणते, पुढच्या खेपेला सांगते. तीन खेपा झाल्या.