हिस्लॉपची शाळा आणि आईचा हट्ट

नागपुरातल्या जुन्या इंग्रजी शाळांचा विषय निघाला की स्टीफन हिस्लॉपला टाळून पुढं जाता येत नाही. हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली इथं आला आणि 1846 मध्ये त्यानं शाळा काढली. तेव्हा गादीवर भोसलेच होते. माणूस नुसता पाद्री नव्हता बरं का! दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा, सगळंच गोळा करायचा. 1863 मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं, पाहून परतताना नदीत बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 चं. बिशप कॉटन शाळा 1862 ची; तिला ज्यांचं नाव आहे ते बिशपही 1866 मध्ये नदीतच बुडाले. काय योग म्हणावा!

आमच्या घरात इंग्रजी माध्यम आलं ते धाकट्या भावापासून. बाबा म्हणत राहिले, "मराठी शाळेत काय वाईट आहे?" आईनं भिशीच्या पैशातून बूट आणि इलास्टिकचा टाय आणून ठेवला, गाठ आधीच शिवलेली. विषय संपला. शाळेच्या डायरीत मॅडमनं काही लिहिलं की आई भावाला शेजारच्या काकांकडे पिटाळायची. काका निवृत्त हेडक्लार्क. मजकूर सांगायचा सोडून ते मॅडमच्या व्याकरणातल्या चुकाच काढत बसायचे.