हाव जी, गुरुजी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असा समितीचा निरोप आला. लिहायचं तर मराठीच्या गुरुजींविषयीच. बाकीच्या गुरुजनांचेही उपकार आहेत, पण मी घडलो तो त्यांच्या तासाला.

आठवीत असताना शाळा तपासणी होती. साहेब पुण्याकडचे. ‘समजलं का?’ म्हणून त्यांनी विचारलं आणि सारा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘हाव जी!’ साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ‘हाव म्हणजे लोभ. नीट हो म्हणा.’ आमची तोंडं उतरली. गुरुजी तेव्हा काही बोलले नाहीत. जीप फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : भवति, होइ, होय, हो. संस्कृतातलं ‘भवति’ प्राकृतात ‘होइ’ झालं, मराठीत ‘होय’ आणि मग नुसतं ‘हो’. ‘पोट्टेहो, पुण्याचा हो बी असा झिजत झिजतच आला. मंग आपल्याले लाज कायची?’ त्याखाली त्यांनी ‘जी’ लिहिलं. महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधर स्वामींपुढे भक्त ‘जी जी’ म्हणतात, आणि तो ग्रंथ लिहिला गेला आपल्या रिद्धपुरात! रिद्धपूर म्हणजे आमच्यासाठी एस.टी.चा थांबा आणि कुणाकुणाच्या मामाचं गाव. मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ तिथला, हे त्या दिवशी कळलं आणि मान ताठ झाली.

शब्द सापडला की त्यांचा धडा तिथेच थांबायचा. ‘बरं’ आलं ‘वर’पासून, म्हणजे निवडलेलं, उत्तम. छांदोग्य उपनिषदात ‘ओम’ला अनुज्ञेचं अक्षर म्हटलं आहे, कशाला संमती द्यायची तर ‘ओम’ म्हणायचं. ‘मंजूर’ अरबीतून आलेला, ‘नजर’चा सख्खा भाऊ; मूळ अर्थ ‘पाहिलेलं’.

हा शेवटचा शब्द माझ्या फार कामी आला. मी बँकेत कर्ज विभाग सांभाळून निवृत्त झालो. संत्र्याच्या बागायतदाराचा असो की कोरडवाहू कास्तकाराचा, अर्ज सातबाऱ्यासकट वाचल्याशिवाय मी कधी ‘मंजूर’ लिहिलं नाही. ही शिस्त गुरुजींची.

आता आपल्या गावातही हजेरीला ‘येस सर’ ऐकू येतं आणि ‘हाव’ म्हणणाऱ्या लेकराला आईच दटावते. याचं फार वाईट वाटतं. माझ्या नातवाला मी ‘ओके’ची गोष्ट सांगितली. 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रानं ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग मुद्दाम ‘ओल कोरेक्ट’ असं चुकवलं आणि त्याची आद्याक्षरं छापली. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत किंडरहुक गावच्या व्हॅन ब्यूरेन यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणून तीच अक्षरं मिरवली. व्हॅन ब्यूरेन हरले, शब्द टिकला. थट्टेत चुकवलेला शब्द जगभर चालतो, मग आमच्या आज्यांच्या तोंडचा ‘हाव’ अशुद्ध कसा?

गुरुजींचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश पानं सुटेपर्यंत वापरला गेला. त्याची नवी प्रत आणि एक कपाट शाळेला द्यायची माझी इच्छा आहे. समितीला विनंती एवढीच, की त्या कपाटाला कुलूप लावू नये.