चालणाऱ्यांसाठी बांधलेले कॅथीड्रल

स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियात, सारिया ते सान्तियागो दे कोम्पोस्तेला ही यात्रेकरूंची शंभर किलोमीटरहून थोडी अधिक वाट पायी चालून आल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की तिथले कॅथीड्रल पायांनीच नीट समजते.

मोन्ते दो गोझोच्या टेकडीवरून मनोरे दिसू लागताच पावले आपोआप भराभर पडू लागली. शहरात शिरल्यावर मात्र वाट आधी उत्तरेच्या आसाबाचेरिया दर्शनी भागापाशी नेते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण झालेला हा नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वास्तूंच्या धर्तीवरच्या शैलीचा भाग संयत आणि प्रमाणबद्ध आहे. घाईने पुढे जाणारे त्याच्यावर अन्याय करतात. पुढे कमानीखालून ओब्रादोइरो चौकात उतरलो आणि वास्तुकार फेर्नांदो दे कासास नोवोआ यांनी 1738 पासून उभारलेली बरोक, म्हणजे नक्षीने नटलेल्या शैलीची भव्य दर्शनी भिंत समोर आली. तिच्या ग्रॅनाइटवर पिवळसर दगडफूल चढले आहे.

आतली मूळ वास्तू रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीची असून तिचे काम 1075 मध्ये सुरू झाले. क्रूसाच्या आकाराच्या या मंदिरात बाजूच्या पडव्या वेदीपाशी संपत नाहीत, तर तिला मागून वळसा घालतात, म्हणजे मुख्य दालनात मिसा हा उपासनाविधी चालू असतानाही यात्रेकरूंची रांग अखंड पुढे सरकू शकते. फ्रान्समधल्या तुलूजच्या सँ-सेर्नँ चर्चची रचनाही अशीच आहे. पाठीवरची सॅक बाहेर ठेवून मीही त्या प्रदक्षिणामार्गाने गेलो, वेदीमागच्या अरुंद पायऱ्या चढून येशूचे शिष्य संत याकोब यांच्या मूर्तीच्या खांद्यांना मागून मिठी मारली आणि मग तळघरात उतरून, ज्यात त्यांचे अवशेष असल्याचे मानले जाते त्या चांदीच्या पेटीपुढे उभा राहिलो.

सर्वांत जास्त वेळ मी पोर्तिको दे ला ग्लोरियापाशी, म्हणजे बरोक भिंतीच्या आतल्या जुन्या शिल्पमय प्रवेशद्वारापाशी काढला. शिल्पकार मातेओने 1188 मध्ये त्याच्या तुळया बसवल्याचे तिथेच कोरलेले आहे. मधल्या संगमरवरी खांबावर शतकानुशतके टेकलेल्या हातांनी पंजाचा खोलगट ठसा उमटला आहे, आणि आता त्याला स्पर्श करण्यास मनाई आहे, हे मला योग्यच वाटले. 2018 मध्ये संपलेल्या जतनकामानंतर मूर्तींवरचे जुने रंग पुन्हा स्पष्ट झाले असून बायबलमधल्या संदेष्टा दानिएलच्या मूर्तीचे हसू पाहताना मान अवघडली तरी नजर हटत नाही. हे रंग टिकले याचे बरेचसे श्रेय बाहेरच्या त्या बरोक भिंतीला आहे, कारण गालिसियाचा पाऊस तीच झेलते.