पोळा ते आखाजी: आमच्या गाडीची गोष्ट

गाडी घ्यायचं ठरलं २०२४ च्या पोळ्याला आणि ती दारात आली २०२५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. एवढा वेळ पैशांमुळे लागला नाही. कोणाचं ऐकायचं, हेच मला आठ महिने ठरवता येत नव्हतं.

आम्ही चाळीसगावचे. मुलगी संभाजीनगरला नर्सिंग शिकते, म्हणजे महिन्यातून दोनदा तरी कन्नड घाट. आबा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते गाडी घाटात कळते, शोरूममध्ये नाही. मी मात्र गेली कित्येक वर्षं गाड्यांचे व्हिडिओ बघणारा. त्यातले एक परीक्षक फार रोखठोक. कुठल्याच कंपनीची भीड ठेवत नाहीत. मला त्यांच्याबद्दल आदर होता, आजही आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या आपटून पाहिल्या आणि पाचही पाचपैकी शून्य स्टारवर आल्या, तेव्हा आमच्याकडे एअरबॅगबद्दल कोणी विचारतही नव्हतं. ॲव्हरेज किती आणि विकताना भाव किती येईल, एवढंच. आज आमच्या गल्लीतला पोरगाही ‘किती स्टार?’ विचारतो, यात अशा तोंडावर बोलणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

टाटा म्हटलं की आमच्याकडे इंडिका, सुमो आणि चारशेसात. भाड्याच्या आणि मालाच्या गाड्या. घरची गाडी म्हणून ते नाव पटकन कोणी घेत नसे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ५ स्टार मिळाले आणि पाच-सहा वर्षांत त्याच नावाचा अर्थ ‘लोखंड’ झाला. मारुतीचं नेमकं उलट. डिसेंबर २०२२ मध्ये स्विफ्ट, इग्निस आणि एस-प्रेसो तिघींना एकेकच स्टार मिळाला. धुळ्याचा माझा शालक फोनवर म्हणाला, “दाजी, माझ्या भाचीला त्या डब्यात बसवणार का?” ते मनाला लागलं. मी मारुती यादीतून काढून टाकली.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्याच नव्या डिझायरचा निकाल आला. मोठ्यांच्या सुरक्षेला ५ स्टार, मुलांच्या ४. माझा विश्वासच बसेना. खरं सांगायचं तर थोडा रागही आला, कारण मनात सगळं पक्कं झालं होतं. मग व्हिडिओ बाजूला ठेवून मूळ निकाल वाचायला बसलो. त्या रात्री जे कळलं, ते मला आधी कोणी सांगायला हवं होतं.

२०१४ च्या त्या पाच गाड्यांत फोक्सवॅगनची पोलोही होती. तिचा सांगाडा टिकला होता, पण एअरबॅग नव्हत्या म्हणून शून्य. एअरबॅग असलेल्या पोलोला ४ स्टार मिळाले. नेक्सॉनला ऑगस्ट २०१८ मध्ये ४ होते, सुधारणा केल्यावर चार महिन्यांत ५ झाले. शिवाय २०२२ च्या मध्यापासून चाचणीचे नियम कडक झाले, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच एका मापाचे नाहीत. नेक्सॉन नव्या नियमांतही २०२४ मध्ये ५ वर आली, म्हणजे तिची आणि डिझायरची तुलना आता सरळ होती. स्टार त्या मॉडेलचे असतात, बोनेटवरच्या नावाचे नाहीत. स्विफ्टचा एक स्टार नव्या डिझायरच्या अंगावर येत नाही आणि डिझायरचे पाच वॅगनआरला मिळत नाहीत.

मग एक वही केली. परीक्षक काय मोजून सांगतात आणि काय नावडलं म्हणून सांगतात, याची दोन पानं. ‘तीन सिलिंडरचं इंजिन, पूर्वीची मजा नाही’ हे डिझायरबद्दलचं वाक्य दुसऱ्या पानावर गेलं. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिनही तीन सिलिंडरचंच आहे, हे शालकाला सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

पहिलं पान मात्र मी फार जपलं. कुठला व्हेरिएंट, कोणत्या महिन्याची गाडी, किती माणसं बसवून चालवली, हे सांगणारा माणूस कितीही कडू बोलला तरी ऐकावा. सर्व्हिसबद्दल मी आसपासच्या मालकांना आणि दोन मिस्त्रींना विचारलं. बऱ्या-वाईट गोष्टी दोन्हीकडे निघाल्या, त्यावरून निर्णय होण्यासारखं काही नव्हतं.

एप्रिलच्या उन्हात एका मित्राची डिझायर आणि चुलतभावाची नेक्सॉन लागोपाठच्या दोन रविवारी घाटात नेली. पाच माणसं, एसी चालू. वर चढताना मी गाणी लावली, तर आबा म्हणाले, “बंद कर भो, इंजिन आयकू दे.” दोन्ही गाड्या चढल्या. मला तरी दोघींची ताकद पुरेशी वाटली. उतरताना आबांनी दुसऱ्या गिअरवरच गाडी आवरली, ब्रेकवर पाय अगदी लागेल तेवढाच. वळणावर दोघी त्यांना पटल्या.

फरक पडला तो कन्नडला चहाला थांबलो तेव्हा. डिझायरमधून उतरताना आबांनी दाराला धरून स्वतःला वर ओढलं. आयुष्यभर बस चालवून त्यांची कंबर गेलीय. नेक्सॉनमधून ते नुसते पाय टेकून उभे राहिले. सीटची ही उंची मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत कोणी आबांच्या वयाच्या माणसाला बसवून दाखवली नव्हती.

नेक्सॉन घेतली. शालकाला वाटतं, त्याचं ऐकलं. मी त्याला सांगितलं, नेक्सॉनची सीटही तेवढीच खाली असती तर डिझायर आली असती. धाकटा भाऊ वॅगनआर चालवतो, दोन लेकरं आहेत. त्याच्यासमोर ‘डबा’ हा शब्द मी आता काढत नाही. त्याला वेग किती ठेव आणि मुलांना मागे पट्टा कसा लाव, ते सांगतो.

आखाजीला आंब्याचा रस आणि पुरणाचे मांडे खाऊन आम्ही सगळे मुलीला सोडायला निघालो. आबा स्टिअरिंगवर. मागच्या तिघींनी पट्टे लावल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी गाडी जागची हलवली नाही.