साठ लाखांचं घर, आणि आपले किती?

घरासाठी पैसे साठवणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच हिशेब असतो: साठ लाखांचा फ्लॅट, बँक ८० टक्के देते, म्हणजे आपले १२ लाख. गाडी इथेच घसरते. बँक कर्ज मोजते ते घराच्या किमतीवर. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही, ती आपल्याच खिशातून जाते.

पुणे शहरातलं उदाहरण घेऊ. ६० लाखांवर आपला २० टक्के वाटा १२ लाख. मुद्रांक शुल्क, अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर ५ टक्के जीएसटी, ३ लाख. बेरीज साडेएकोणीस लाख. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या किंवा जुन्या घराला जीएसटी नाही, तिथे साडेसोळा पुरतात. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ६० हजार. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती जाते, हे सही करताना नव्हे, आधी माहीत असावं.

हा झाला आजचा भाव. घर पाच वर्षांनी घ्यायचं असेल आणि किंमत वर्षाला ५ टक्के वाढली, तर साठाचे साडेशहात्तर लाख होतात आणि साडेएकोणीसचे जवळपास २४ लाख ८० हजार. बँकेतल्या ठेवीवर ७ टक्के व्याज धरलं, त्यावर २० टक्के आयकर गेला, तर हातात ५.६ टक्के राहतात. त्या दराने पाच वर्षांत ही रक्कम उभी करायला महिन्याला सुमारे ३६ हजार लागतात. सुरुवातीला कमी टाकून दरवर्षी हप्ता १० टक्क्यांनी वाढवायचा ठरवला, तर पहिल्या वर्षी २९,७०० पुरतात, पण पाचव्या वर्षी तोच हप्ता ४३,५०० वर गेलेला असतो. पगारवाढ नक्की होणार असेल तरच हा मार्ग धरावा.

आता हा ३६ हजारांचा आकडा घरखर्चासमोर ठेवून बघा. हातात पडणारा पगार ७५ हजार, भाड्यासकट महिन्याचा खर्च ४० हजार. वरवर पाहता ३५ हजार उरतात, म्हणजे जवळपास जमलंच. पण वर्षातून एकदा येणारे खर्च यात धरलेले नाहीत. जूनमधली शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं ४८ हजार, विम्याचे हप्ते २६ हजार, गाडीचा विमा ६ हजार, दिवाळी आणि गावची जत्रा मिळून ३० हजार. एकूण १ लाख १० हजार, महिन्याला ९,२००. बचत मोडते ती बहुतेक वेळा यांच्यामुळे. आजारपण अचानक येतं, पण जून दरवर्षी येतो आणि तरी दरवर्षी धक्का बसतो. हे ९,२०० पगार झाल्याबरोबर वेगळ्या बचत खात्यात टाकायचे आणि हे खर्च तिथूनच करायचे. मग खरी शिल्लक उरते २५,८००.

त्यातूनही आधी अडीअडचणीची रक्कम बाजूला काढायची. ती पगाराच्या पटीत मोजू नका. नोकरी गेली तरी टळणार नाहीत असे खर्च मोजा: भाडं, किराणा, वीज, औषधं, फी. ते ३४ हजार असतील तर सहा महिन्यांचे २ लाख ४ हजार. २५,८०० च्या वेगाने याला आठ महिने लागतात आणि घराची पाच वर्षं त्यानंतर सुरू होतात. ही रक्कम एकाच मोठ्या मुदत ठेवीत ठेवू नये. पन्नास-पन्नास हजारांच्या चार ठेवी केल्या की गरजेला एकच मोडता येते. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला, ती जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर लागतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात.

तर मुद्दा असा की २५,८०० मध्ये ३६ हजारांचं उद्दिष्ट बसत नाही. मग तारीख पुढे ढकलायची की घर लहान घ्यायचं? सात वर्षं केली तर महिना २६,६०० वर येतो, जवळजवळ बसतो. पण निर्णय त्यावर घेऊ नका, कर्जाच्या हप्त्यावर घ्या. पाच वर्षांनी ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर प्रत्येक लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. आजचं साठ लाखांचं घर म्हणजे तेव्हाचं ६१ लाखांचं कर्ज आणि ५३ हजारांचा हप्ता. पगार वर्षाला ७ टक्क्यांनी वाढून १ लाख ५ हजार झाला तरी निम्मा पगार तिकडे जाणार. सात वर्षांनी पगार वाढेल तसं कर्जही वाढेल, प्रमाण फारसं हलत नाही. आज ४५ लाखांचं जुनं घर धरलं तर आपली गरज पाच वर्षांनी १५ लाख ८० हजार, महिन्याला सुमारे २२,९००, आणि पुढे हप्ता ४० हजारांच्या आत. आमच्या मते हप्ता पगाराच्या ४० टक्क्यांवर जात असेल तर उद्दिष्टच चुकलंय, साठवण कितीही शिस्तीची असो.

हे पैसे ठेवायचे कुठे? पाच वर्षांवर तारीख असलेले पैसे शेअर बाजारात नकोत. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या आसपास होता, मार्च २००९ मध्ये ८ हजारांजवळ. ज्याची खरेदी त्या मार्चमध्ये ठरली होती, त्याला पुढे बाजार सावरला याचा काय उपयोग? पीपीएफही नको, त्याची मुदत १५ वर्षांची. सोनं घरातल्या लग्नासाठी घेत असाल तर ठीक, पण दागिना विकताना घडणावळ परत मिळत नाही. भिशी बारा-पंधरा महिन्यांच्या छोट्या खरेदीला चालते. आवर्ती ठेव, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता टाकायची ठेव, आणि मुदत ठेव, एवढंच पुरे.

एक मात्र पाहा. पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त देते म्हणून पैसे तिथे नेले जातात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. १५ लाख ८० हजार जमवायचे तर ते चार बँकांत विभागलेले बरे.

आवर्ती ठेवीचा हप्ता पगाराच्या तारखेनंतर दोन दिवसांनी आपोआप वळता होईल असं सांगून ठेवा. पगार कधी १ तारखेला, कधी ५ तारखेला होत असेल तर ७ तारीख द्या. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत चुकलेल्या हप्त्याला शंभरामागे महिना १ रुपया दंड आहे.

शेवटच्या वर्षी ठेवींची मुदत खरेदीच्या तारखेच्या महिनाभर आधी संपेल अशी बेता. कारण पैसे ज्या क्रमाने लागतात तो क्रम बहुतेकांना उलटा वाटतो: आधी इसाराची रक्कम, मग मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, मग आपला उरलेला वाटा, आणि त्यानंतर बँकेचे पैसे. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्याहून जास्त मागितली तर आधी करार नोंदवा म्हणावं.